एसक्यूलाइट की पोस्टग्रेस? मोंढ्यातल्या दुकानाचा हिशेब कशावर ठेवावा

लातूरच्या मोंढ्यातली आडत असो की जालन्यातलं बियाण्यांचं दुकान, हिशेब संगणकावर न्यायचा म्हटलं की एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस या दोन डेटाबेसची, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या सॉफ्टवेअरची, नावं कानावर येतातच. दोन्ही फुकट, दोन्हींकडे नोंदी मागायची-भरायची भाषा एकच, एसक्यूएल. त्यामुळे बरेच जण समजतात, धंदा लहान तर एसक्यूलाइट, मोठा तर पोस्टग्रेस. मला हे पटत नाही. एसक्यूलाइटची फाइल २८१ टेराबाइटपर्यंत वाढू शकते. आडतीच्या सगळ्या पट्ट्या तिच्या एका कोपऱ्यात मावतील. बघायचं ते इतकंच, की एका वेळी किती जण आणि किती मशिनींवरून नोंदी करणार.

रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेलं एसक्यूलाइट हे वेगळं चालणारं सॉफ्टवेअर नाहीच. ते बिलिंगच्या प्रोग्राममध्येच असतं आणि सगळा डेटा एका फाइलमध्ये राहतो. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही तेच आहे. मात्र एका वेळी लिहिणारा एकच, बाकीचे थांबतात. मुनीम एकाच मशिनीवर बसत असतील तर हे थांबणं जाणवतही नाही.

घोळ होतो तो सोयाबीनची आवक वाढल्यावर. काट्याजवळ दुसरा संगणक येतो आणि कुणीतरी तीच फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये टाकून दोन्हीकडून उघडतं. कृपा करून असं करू नका. नेटवर्कवर फाइलचं लॉकिंग, म्हणजे एक लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणं, भरवशाचं नसतं. दोघांनी एकदम लिहिलं की फाइल खराब होऊ शकते, आणि तेव्हा दिवाळीच्या तोंडावर शेतकरी पट्टीसाठी समोर उभा असतो.

पोस्टग्रेसचं मूळ बर्कले विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. ते सर्व्हर म्हणून एका मशिनीवर सतत चालू राहतं आणि काट्यावरचा, गादीवरचा संगणक त्यालाच जोडतात. लॉक लागतं ते त्या-त्या ओळीपुरतं, म्हणून तुरीची पट्टी दुरुस्त होत असताना सोयाबीनची अडून राहत नाही. मापाड्याला वजन भरता यावं पण भाव बदलता येऊ नये, असे अधिकारही डेटाबेसमध्येच ठरवता येतात.

लाइट जाण्याची भीती दोन्हीकडे सारखीच कमी. शेतकऱ्याच्या खात्यात जमा आणि खरेदीदाराच्या नावे, या दोन नोंदी प्रोग्रामरने एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधल्या असतील, तर लाइट मध्येच गेली तरी होतील त्या दोन्ही, नाहीतर एकही नाही.

रकान्यांची शिस्त मात्र वेगळी. वजनाच्या रकान्यात 'बारा पोती' लिहिलं तर पोस्टग्रेस सरळ नाकारतं. एसक्यूलाइट एरवी ते मुकाट्याने ठेवून घेतं, नोंदींचं टेबल बनवताना ते 'स्ट्रिक्ट' केलं असेल तर अडवतं. ही सोय २०२१ पासूनची. एसक्यूलाइटमध्ये नेमक्या दशांशाचा प्रकारही नाही, म्हणून रक्कम पैशांमध्ये, पूर्णांकात ठेवायला सांगा.

बॅकअप दोन्हींचा रोज हवा. एसक्यूलाइटची चालू फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करू नका, त्याची बॅकअप कमांड वापरा. पोस्टग्रेसला अपडेट आणि देखरेखीसाठी जाणता माणूस लागतो. पुढच्या हंगामात दुसरा काउंटर नक्की असेल तर तो माणूस आत्ताच शोधा आणि पोस्टग्रेसवरच सुरुवात करा. तसा कुणी मिळत नसेल, तर एसक्यूलाइट ठेवा आणि नोंदी एकाच मशिनीवरून होऊ द्या.