फोटोतले पांढरे गोळे: आत्मे नव्हेत, धूळ

विसर्जनाच्या रात्री गिरगाव चौपाटीवर काढलेला फोटो घरच्या ग्रुपवर आला. मावशीच्या डोक्याभोवती धूसर, पांढरट गोळे तरंगताहेत. लगेच कुणीतरी लिहिलं, ‘आजोबा येऊन गेले!’ असे गोळे म्हणजे आत्मे, ही समजूत डिजिटल कॅमेरे घरोघरी आल्यापासून फिरते आहे.

आजोबा आले असते तर मलाही आवडलं असतं. पण हे गोळे म्हणजे धुळीचे कण, नाहीतर भुरभुरत्या पावसाचे थेंब.

मोबाइलमध्ये आणि छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला अगदी खेटून असतो. भिंगापुढे काही सेंटिमीटरवर तरंगणाऱ्या कणावर तो आदळतो आणि थेट भिंगात परततो. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई उरतो. त्यामुळे दोन मीटरवरच्या मावशीपेक्षा त्या कणावर तो कितीतरी पटींनी जास्त पडतो. फोकस मात्र मावशीवर. मग कण धूसर होऊन फुगतो आणि आकार घेतो तो भिंगातल्या छिद्राचा, म्हणजे बहुधा गोल. लग्नातल्या फोटोग्राफरचा फ्लॅश भिंगापासून बराच वर असतो, म्हणून त्याला हे आत्मे क्वचितच भेटतात.

खात्री करायचीय? रात्री गॅलरीत सतरंजी झटका, एक फोटो फ्लॅश लावून घ्या, एक बंद करून. आमच्याकडे पहिल्या फोटोत सतरा गोळे निघाले, दुसऱ्यात एकही नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे मात्र धुळीने भरले, आणि त्यांना प्रकाशाचे नियम ऐकण्यात काडीचा रस नव्हता.