मांजराचे फिस्कारणे व गुरगुरणे

पाळीव मांजराने भीतीपोटी, वेदनेमुळे किंवा आपल्या जागेत कुणी शिरल्यावर दिलेला आवाजी इशारा. ‘दूर राहा’ एवढाच त्याचा अर्थ. विदर्भातल्या खेड्यांत मांजर मुख्यतः उंदरांसाठी पाळतात. ते फिस्कारले की ‘माजलं’ म्हणून त्याच्यावर काठी उगारली जाते. ही समजूत अन्यायाची आहे. फिस्कारणारे मांजर बहुधा घाबरलेले असते आणि भांडण टाळू पाहत असते.

फिस्कारताना मांजर तोंड उघडून, जीभ वळवून हवा जोराने बाहेर फेकते. कान मागे चपटे होतात, पाठीची कमान होते, शेपटी पिंजल्यासारखी फुलते. पिल्ले तर डोळे उघडण्याआधीच फिस्कारू लागतात. म्हणजे हे कुणी शिकवावे लागत नाही. गुरगुरणे मात्र कंठातून, खालच्या पट्टीत येते. तोंडात उंदीर धरलेल्या मांजराजवळ दुसरे मांजर आले की ते हमखास ऐकू येते. मराठीत मांडीवरच्या निवांत मांजराच्या घरघरीलाही ‘गुरगुर’ म्हणतात, आणि इथेच लहान मुले फसतात. घरघर श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा चालू राहते व अंग सैल असते. इशाऱ्याच्या गुरगुरीत अंग ताठ आणि नजर रोखलेली असते.

भाव चढेल या आशेने शेतकरी कापूस घरातच भरून ठेवतो. त्या उबेत मांजर विते. मग कापूस भरायला गाडी येते, माणसे ढिगावर चढतात आणि एरवी पायात घोटाळणारी मांजर घरच्या माणसावरही फिस्कारते. कोठ्यातल्या (गोठ्यातल्या) कुटारात, म्हणजे जनावरांसाठी साठवलेल्या भुशातही हेच घडते. अशा वेळी पिल्लांना हात न लावता थोडे थांबावे. वाट मोकळी दिसली तर ती स्वतःच एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते.

दुसऱ्या कारणांपैकी दुखणे सर्वांत जास्त नजरेआड राहते. बोक्यांच्या मारामारीत दात रुतून आत पू होतो, वरून केसांमुळे काहीच दिसत नाही. रोज अंगावर हात फिरवू देणारे मांजर एका जागी हात लागताच गुरगुरले, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मुळीच देऊ नये; मांजराला ती जीवघेणी ठरते. बोका लघवीला बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर त्याच दिवशी न्यावे.

फिस्कारल्याबद्दल मारू नये. मार खाऊन मांजर इशारा द्यायचे सोडते आणि पुढच्या वेळी थेट चावते. डोळ्याला डोळा न भिडवता मागे सरावे, त्याला उंच किंवा आडोशाची जागा मोकळी ठेवावी. चावले किंवा ओरखडले तर हळद-चुना न लावता जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रेबीज मांजरापासूनही होतो.