एक-दोन शेअरची खरेदी (कोकणातील)

मोजक्या पैशांत एखाद्या कंपनीचे एक, दोन किंवा पाच समभाग विकत घेण्याची नवख्या गुंतवणूकदाराची पद्धत. भारतात अशा खरेदीची खालची मर्यादा एक शेअर. अमेरिकेत शेअरचा तुकडाही घेता येतो. आपल्या कंपनी कायद्यात ती सोय नाही. बोनसमध्ये, म्हणजे कंपनी भागधारकांना फुकट देते त्या शेअरमध्ये, कुणाच्या वाट्याला अर्धा शेअर आलाच, तर कंपनी असे सगळे तुकडे गोळा करून विकते आणि ज्याचे त्याला पैसे देते. त्यामुळे 2023 मध्ये लाखाच्या वर गेलेला एमआरएफ या टायर कंपनीचा शेअर देवगडच्या बागायतदाराला हवा असेल, तर अख्खाच घ्यावा लागतो.

कागदी प्रमाणपत्रांच्या काळात व्यवहार बहुधा 50 किंवा 100 शेअरच्या लॉटमध्ये, म्हणजे ठरलेल्या गठ्ठ्यात होत. त्याहून कमी, म्हणजे ‘ऑड लॉट’ विकायला गेले की भाव पाडून मिळे. 1996 च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअर डिमॅट झाले, म्हणजे कागदाऐवजी खात्यात इलेक्ट्रॉनिक नोंद म्हणून राहू लागले, आणि ही अट सुटली. मुंबईत नोकरी केलेल्या चाकरमान्यांची जुनी प्रमाणपत्रे गावच्या घरी ट्रंकेत अजून सापडतात. 1 एप्रिल 2019 पासून ती डिमॅट केल्याशिवाय विकता येत नाहीत. सलग सात वर्षे लाभांश न उचललेले शेअर सरकारी निधीकडे वर्ग होतात. अर्ज करून ते परत मिळवता येतात, पण कागदपत्रांचा खटाटोप मोठा.

छोट्या खरेदीत पैसा जातो तो घेताना कमी, विकताना जास्त. समजा, 80 रुपयांचे पाच शेअर 400 रुपयांना घेतले आणि 440 ला विकले. शेअरच्या व्यवहारावरचा सरकारी कर (एसटीटी) दोन्ही वेळा 0.1 टक्का, म्हणजे नगण्य. परंतु विकताना डिमॅट खात्यातून शेअर बाहेर काढण्याचे शुल्क दर कंपनीमागे, दर दिवसाला ठरावीक असते. साधारण 15 ते 20 रुपये. शेअर एक असो वा हजार, शुल्क तेच. म्हणजे 40 रुपयांपैकी जवळपास निम्मा नफा तिथेच संपला. दलालीही ठरावीक रकमेची असेल तर हाती काहीच उरत नाही. तेच पाच शेअर पाच वेगवेगळ्या दिवशी विकणे म्हणजे शुद्ध नुकसान. थोडे थोडे घेत जावे, विकायचे तेव्हा एकदम विकावे, हेच या पद्धतीला मानवते. खात्याचे वार्षिक शुल्क मात्र टाळता येते: ज्याच्या नावावर एकच डिमॅट आहे त्याला ‘बेसिक’ खात्यात 4 लाख रुपयांपर्यंतच्या गुंतवणुकीवर ते पडत नाही.

कोकणात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. आंबा-काजूचा एप्रिल-मेमध्ये येतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, आणि लगेच गणपतीचा खर्च. दरमहा ठरलेली रक्कम कापणारी एसआयपी अशा घरात मध्येच अडते. हातात पैसे असतील तेव्हा दोन शेअर, नसतील तेव्हा शून्य, ही मोकळीक भिशीतसुद्धा नसते.

निवडीत दोन ओढी दिसतात. एक, ओळखीच्या कारखान्याची: रत्नागिरीत पाइपवाली फिनोलेक्स, अलिबागजवळ थळला खतवाली आरसीएफ. रोज दिसणारी चिमणी ताळेबंद सांगत नाही, तरी निदान कंपनी खरी असते. (कोकण रेल्वेचा शेअर बाजारात नाही; विचारणारे बरेच.) दुसरी ओढ घातक, दोन रुपयांच्या शेअरची. 500 रुपयांत 250 शेअर आले की माणूस खूश होतो. पण भाव रोज खालच्या सर्किटला, म्हणजे दिवसात पडू शकणाऱ्या कमाल मर्यादेला, अडकू लागला की गिऱ्हाईकच मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘टिपा’ बहुधा अशाच शेअरच्या असतात.

आयपीओत, म्हणजे कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते तेव्हा, एक शेअर मागता येत नाही. जयगड बंदर चालवणाऱ्या जेएसडब्ल्यू इन्फ्रास्ट्रक्चरच्या 2023 च्या विक्रीत लॉट 126 शेअरचा होता, 119 रुपये दराने 14,994 रुपये. ज्याला एकच हवा होता, त्याला नोंदणीनंतर बाजारातूनच घ्यावा लागला.