आत्मा नाही, मग पुण्यानुमोदन कोणासाठी?

सोलापुरातल्या बौद्धांमध्ये अनात्मवादावरचा, म्हणजे ‘कायमचा आत्मा नाही’ या शिकवणीवरचा, वाद पोथीपेक्षा श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर जास्त दिसतो. नावाआधी ‘कालकथित’ (दिवंगतासाठीचा बौद्धांचा शब्द) असते, ‘कैलासवासी’ कटाक्षाने टाळलेले. खाली मात्र ‘मृतात्म्यास शांती लाभो’ ही ओळ तयार साच्यातून तशीच उतरते. पुढे जलदान विधी (मृतासाठी पाणी ओतणे) आणि पुण्यानुमोदन (मृताला पुण्याचा वाटा देणे). पिंडदानासाठी चंद्रभागा जवळच आहे, पण डॉ. आंबेडकरांनी १९५६च्या धर्मांतरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सहावी श्राद्ध आणि पिंडदान दोन्ही नाकारते.

मूळ युक्तिवाद आखूड आहे. बुद्धाच्या सारनाथच्या दुसऱ्या उपदेशात पाचही स्कंध, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो ते शरीर-मनाचे घटक, एकेक करून तपासले आहेत. रूप, म्हणजे शरीर, आत्मा असते, तर ‘माझे शरीर असे असो’ म्हणताच तसे झाले असते. तसे होत नाही, म्हणून ते ‘मी’ नव्हे. पण ‘आत्मा आहे का?’ असे एका परिव्राजकाने (भटक्या संन्याशाने) थेट विचारले तेव्हा बुद्ध गप्प राहिले. ‘आहे’ म्हणावे तर शाश्वतवाद (आत्मा अमर), ‘नाही’ म्हणावे तर उच्छेदवाद (मरणासोबत सारे संपते). ‘मी म्हणजे निव्वळ भास’ हे ठाम विधान त्यामुळे बुद्धाच्या तोंडी घालताना जपावे लागते. पुढे एका पंथाने स्कंधांहून वेगळाही नाही आणि तेच स्कंधही नाही असा ‘पुद्गल’ (व्यक्ती) मानला. इतरांनी तो खोडला, तरी सातव्या शतकात त्या परंपरेचे भिक्षू भारतात मोठ्या संख्येने होते.

खरा पेच १९५७चा. धर्मांतरानंतर वर्षभराने आलेल्या डॉ. आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच प्रश्न आहे: आत्मा नाही तर कर्म कसे, पुनर्जन्म कसा? ग्रंथाचे उत्तर असे: पृथ्वी, आप, तेज, वायू ही शरीरातली द्रव्ये मरणानंतर बाहेरच्या तशाच द्रव्यांत मिसळतात आणि पुन्हा एकत्र येतात. पुनर्जन्म त्यांचा, आत्म्याचा नाही. मागल्या जन्मीचे कर्म या जन्मी भोगावे लागते, हेही नाकारले. थेरवादी, म्हणजे पाली ग्रंथ प्रमाण मानणाऱ्या परंपरेतल्या, पंडितांना हे पटले नाही. त्यांच्या मते विज्ञानाचा, म्हणजे जाणिवेचा, प्रवाह पुढे चालतो, दिव्याने दिवा लावावा तसा. हा आक्षेप सुत्तांना (बुद्धाच्या पाली उपदेशांना) धरून आहे. पण जात हे पूर्वकर्माचे फळ, असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या समाजाला ती वाट बंद करणे भाग होते, याची दखल आक्षेप घेणारे क्वचितच घेतात.

गुंता विधीत उरला. पेल्यातले पाणी ओतताना म्हणायची पाली गाथा सांगते, ‘इतो दिन्नं पेतानं उपकप्पति’, म्हणजे इथे दिलेले प्रेतांना, प्रेतयोनीत जन्मलेल्या मृतांना, पोचते. थेरवादी अर्थाने पुण्य उचलून कोणी कोणाला देत नाही. दान पाहून प्रेतयोनीतला जीव आनंदतो आणि तो आनंद हेच त्याचे कुशल (चांगले) कर्म. १९५७च्या मांडणीत असा जीवच बसत नाही. म्हणून काही घरांत गाथा गाळून त्रिशरण-पंचशील आणि प्रतिज्ञांचे वाचन होते, मृताच्या नावे शाळेला वह्या-पुस्तके जातात. इतरत्र गाथा म्हणतात, अर्थ सांगत नाहीत.