फॅमिली डॉक्टरच्या वाट्याला काय? ब्रिटनच्या एनएचएसमधील खर्चाची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरची, म्हणजे जीपीची, वेळ मिळत नाही ही तक्रार आता रोजची झाली आहे. तिचं मूळ पैसे देण्याच्या पद्धतीत आहे आणि ती पद्धत एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेपेक्षाही जुनी आहे.

1911 च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कामगारांसाठी डॉक्टर नेमले आणि यादीतल्या दर माणसामागे ठरावीक रक्कम देऊ केली. 5 जुलै 1948 रोजी एनएचएस सुरू झाली, तेव्हा आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी रुग्णालयं सरकारच्या ताब्यात घेतली. जीपी मात्र पगारी नोकर व्हायला तयार नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत डॉक्टरांच्या संघटनेने, बीएमएने, कौल घेतला होता आणि त्यात जवळपास 90 टक्के मतं योजनेच्या विरोधात पडली होती. अखेर जीपी स्वतंत्र व्यावसायिक राहिले आणि माणशी रकमेची पद्धत सगळ्या जनतेसाठी लागू झाली.

परिणाम वाईट झाला. नर्स ठेवली, जागा सुधारली, तर तो खर्च डॉक्टरच्या स्वतःच्या कमाईतून जाई. 1950 मध्ये डॉक्टर जोसेफ कॉलिंग्ज यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात औद्योगिक शहरांतल्या दवाखान्यांची दैना मांडली. डॉक्टर देश सोडू लागले. पुढे अशा अनेक वस्त्या भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी सांभाळल्या. हे ऋण आजही पुरेसं मानलं जात नाही.

खरी कलाटणी 1965 ची. हजारो जीपींनी तारीख न घातलेले राजीनामे बीएमएकडे जमा केले, तेव्हा सरकार वाटाघाटीला बसलं. 1966 च्या करारानुसार कर्मचाऱ्यांच्या पगाराचा 70 टक्के भाग आणि जागेचं भाडं सरकार देऊ लागलं. आजचा नर्स आणि कर्मचारी असलेला दवाखाना या करारातून उभा राहिला. माझ्या मते जीपींवरच्या खर्चाच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय.

2004 च्या करारात कामगिरीच्या गुणांवर पैसे आले. दवाखान्यांनी अपेक्षेपेक्षा जास्त गुण मिळवले आणि खर्च अंदाजाबाहेर गेला. वर्षाला सुमारे 6,000 पौंड सोडले की रात्रीच्या आणि सुट्टीच्या सेवेची जबाबदारीही सुटू लागली. वर्तमानपत्रांनी डॉक्टरांना धारेवर धरलं आणि पुढच्या काही वर्षांत हात आखडता घेतला गेला. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या रुग्णालयांना केलेल्या उपचारांनुसार पैसे मिळू लागले. म्हणजे रुग्ण वाढले की रुग्णालयाचं उत्पन्न वाढे. जीपीकडे तोच माणूस वर्षात दोनदा आला काय किंवा बारा वेळा, मूळ रक्कम तेवढीच. एनएचएसच्या खर्चातला जीपींचा वाटा दहा टक्क्यांवरून 2012 च्या सुमारास आठ टक्क्यांच्या आसपास आला. (औषधवाटपाचा खर्च धरला की न धरला यावर हा आकडा थोडा हलतो.) 2013 मध्ये रॉयल कॉलेज या जीपींच्या व्यावसायिक संस्थेने 11 टक्क्यांची मागणी लावून धरली. शल्यचिकित्सक लॉर्ड डार्झी यांच्या एनएचएसवरच्या 2024 च्या अहवालानुसार इंग्लंडमध्ये रुग्णालयांचा वाटा 2006 मधल्या 47 टक्क्यांवरून 2021 मध्ये 58 टक्क्यांवर गेला होता.

मधल्या काळात घोषणा झाल्या. 2016 मध्ये वर्षाला 2.4 अब्ज पौंड वाढीव निधी आणि 2020 पर्यंत 5,000 जादा डॉक्टर जाहीर झाले. डॉक्टरांचं उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. 2019 पासूनचा बराच नवा पैसा फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट अशा पदांसाठीच राखलेला होता. त्यातून जीपी नेमता येत नव्हते. त्यामुळे 2024 मध्ये एकीकडे रुग्ण ताटकळत होते आणि दुसरीकडे नुकतेच शिकून बाहेर पडलेले जीपी नोकरी शोधत होते. त्या ऑगस्टमध्ये सरकारने अट सैल केली आणि हजारांवर नव्या जीपींसाठी 8.2 कोटी पौंड जाहीर केले.