बॉम्बे हायचे तेल आणि विकतचा वारा

एक रुपयाची नोट हाती आली तर उलटून पाहा. मागे नाण्याच्या चित्राभोवती समुद्रातली एक तेलाची रिग दिसेल. तो 'सागर सम्राट'. जपानमध्ये बांधलेल्या या रिगला फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, बॉम्बे हाय या समुद्रातल्या क्षेत्रात तेल लागले आणि ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीचे नशीब फळफळले.

त्याआधीची वाट खडतर होती. भारतात तेल शोधण्यात अर्थ नाही, असे परदेशी कंपन्या सांगत असताना केंद्रीय मंत्री केशवदेव मालवीय यांनी सोव्हिएत तज्ज्ञांना हाताशी धरले आणि १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग, म्हणजेच ओएनजीसी, उभा राहिला. खंबायत, अंकलेश्वर इथे तेल सापडले. पुढे सोव्हिएत जहाजाने खंबायतच्या आखातात भूकंपीय सर्वेक्षण केले, तेव्हा बॉम्बे हायची भूरचना ध्यानात आली. २१ मे १९७६ रोजी तिथून उत्पादन सुरू झाले. तेलाच्या दरांनी जगाला नुकताच घाम फोडला होता, त्यामुळे वेळही नेमकी साधली गेली. समुद्राखालच्या नळांतून तेल-वायू उरणला येऊ लागला. जुहूहून हेलिकॉप्टरने जाऊन १४ दिवस समुद्रातल्या तेल-फलाटावर नि १४ दिवस घरी, हा दिनक्रम अनेक घरांना सवयीचा झाला.

ऐंशीच्या दशकात इथून दिवसाला चार लाखांहून अधिक बॅरल तेल निघत असे. आता ते दीड लाखाच्याही खाली आहे. खरी कुचंबणा इथे सुरू होते. मालक सरकार, त्यामुळे तिजोरीवर हक्क सांगणारेही घरचेच. २०१८ मध्ये सरकारचा एचपीसीएल (हिंदुस्तान पेट्रोलियम) या तेलशुद्धीकरण कंपनीतला ५१.११ टक्के हिस्सा कंपनीने ३६,९१५ कोटी रुपयांना घेतला. पैसे सरकारकडे गेले, कर्ज कंपनीच्या डोक्यावर आले.

वाऱ्याची ओळख जुनीच. कच्छमधला ५१ मेगावॅटचा पवन प्रकल्प २००८ चा, जैसलमेरचा १०२ मेगावॅटचा त्यानंतरचा. पण तो मुख्यतः स्वतःच्या विजेपुरता मामला. २०३० पर्यंत १० गिगावॅट (१० हजार मेगावॅट) अक्षय ऊर्जा आणि २०३८ पर्यंत स्वतःच्या कामकाजातले निव्वळ उत्सर्जन शून्यावर, अशी उद्दिष्टे ठरल्यावर मात्र एवढ्याने भागेना. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यासाठी 'ओएनजीसी ग्रीन' ही उपकंपनी निघाली. मार्च २०२५ मध्ये सरकारी वीज कंपनी एनटीपीसीच्या 'एनटीपीसी ग्रीन'सोबतच्या भागीदारीतून 'अयाना' ही सौर-पवन ऊर्जेची कंपनी सुमारे १९,५०० कोटींच्या मूल्यांकनाने ताब्यात आली. तिचे चालू आणि उभारणीतले प्रकल्प मिळून सुमारे ४.१ गिगावॅट. तेल या कंपनीने स्वतः खोदून काढले. सूर्य आणि वारा बहुतांशी बाजारातून आणला. घाईत दुसरे काय करणार, हेही खरे.

तेलाची हाव मात्र सुटलेली नाही, सुटणारही कशी? देश ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. अयानाचा व्यवहार पुरा होण्याच्या दोन-अडीच महिने आधीच बॉम्बे हायचे उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक साहाय्यक म्हणून नेमण्यात आले. आणि तो नोटेवरचा 'सागर सम्राट'? डागडुजी करून, रूप पालटून, त्याला डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा अरबी समुद्रात उभे केले आहे. या वेळी विहीर खोदायला नव्हे, तेल उपसायला.