लिंबूटिंबू नव्हे, भिडू

गल्लीतल्या खेळात लहानग्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेतात. तो पळतो, ओरडतो, पण बाद झाला तरी बाद नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या वाट्याला खेळ आलाच, तर बहुधा असा येतो. जागा मायेने दिलेली, पण हिशेबात न धरलेली.

१९६८ साली शिकागोत युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने पहिल्या स्पेशल ऑलिम्पिक्स, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या स्पर्धा झाल्या. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘युनिफाइड स्पोर्ट्स’ आले, म्हणजे अशी अक्षमता असलेले ‘विशेष खेळाडू’ आणि ती नसलेले ‘जोडीदार’ यांचे मिश्र संघ. यात बास्केटबॉलच्या पाचांत ३ विशेष खेळाडू आणि २ जोडीदार असतात. व्हॉलीबॉलमध्ये ३-३, अकरा जणांच्या फुटबॉलमध्ये ६-५. मला यातली खरी हुशारी या आकड्यांत दिसते. पाचांतल्या तिघांना वगळून बास्केटबॉल खेळताच येत नाही. शिवाय तरबेज जोडीदाराने एकट्यानेच सगळे गुण मिळवायचे, हेही इथे चालत नाही. वय आणि कौशल्य शक्य तितकं जुळवून संघ बांधायचा असतो.

एवढी काटेकोरी कशासाठी? मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडलं होतं, की नुसतं शेजारी बसवल्याने मनातली अढी जात नाही. दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि संस्थेचा पाठिंबा हवा. २००६ साली पेटिग्र्यू आणि ट्रॉप यांनी पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो, आणि या अटी पाळल्या तर जास्त कमी होतो, असं त्यांना आढळलं. ‘बिचाऱ्यांना मदत’ म्हणून केलेल्या भेटीत पहिलीच अट मोडते. संघात ती पाळावीच लागते.

मैदानावरची अडचण मात्र खरी असते. चेंडू, सोबती, प्रतिस्पर्धी, रेषा हे सगळं एकाच वेळी ध्यानात धरायचं, तर कार्यकारी स्मृतीवर ताण येतो. बौद्धिक अक्षमतेत नेमकी हीच क्षमता अनेकदा कमी असते. म्हणून जाणते प्रशिक्षक लांबलचक सांगत बसत नाहीत. करून दाखवतात, एका वेळी एकच सूचना देतात, आधी दोघांत आणि मग तिघांत पास घोटून घेतात. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे सांधे सैल असतात, त्यामुळे खेळण्याआधी डॉक्टरांना दाखवावं लागतं.

सराव मुरला, की जोडीदारालाही कळतं, चेंडू कधी आणि किती वेगाने द्यायचा. मग ‘दे, मला दे!’ ही हाक दोन्हीकडून येऊ लागते.